एका डब्यातले दोन फोन

सिद्धार्थ ओव्हाळ तिसऱ्यांदा थर्मलच्या बाहेर पडला आणि खालच्या शेताकडे घसरू लागला, तेव्हा मोहित्यांनी हातातला वॉकीटॉकी गवतावर टाकला.

"बघितलंत, देवकरसाहेब? घार वर चाललीय, हा खाली चाललाय. हवा तीच आहे. आता सांगा, तुमच्या अ‍ॅपचा यात काय दोष?"

पाहणे पुरे झाल्याशिवाय उत्तर देण्याची मला सवय नाही.

आम्ही कामशेतच्या पलीकडे, पवना जलाशयाच्या वरच्या एका टेकडीच्या माथ्यावर उभे होतो. राजेंद्र मोहिते तेथे पॅराग्लायडिंगची शाळा चालवतात. माझ्यासोबत रेश्मा मुलाणी होती. तळेगावच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत ती अँड्रॉइड फोनचे काम पाहते. मी त्या कंपनीत आठवड्यातून दोन दिवस टेस्टिंगसाठी जातो. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या कामातील चूक ग्राहकाच्या आधी शोधणे. पूर्वी कारखान्यात मी हेच काम यंत्रांवर केले. आता फोनवर करतो.

आम्ही टेकडीवर येण्याचे कारण एका ओळीचे होते. सिद्धार्थने आमच्या उड्डाणाच्या अ‍ॅपमधील तक्रारीच्या जागी लिहिले होते: 'आवाज मागून येतो.' कंपनीत ती तक्रार जुन्या फोनच्या खात्यात टाकून बंद होणार होती. रेश्माने ती बंद केली नाही, मला दाखवली. तिने शाळेत चौकशी केली तेव्हा मोहित्यांना तक्रारीचा पत्ता लागला. आपल्याच पायलटने परस्पर तक्रार केली, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी आम्हांला बोलावून घेतले, ते तक्रार खोटी ठरवण्यासाठी.

त्यामागे आणखी एक गोष्ट होती. हिमाचलमध्ये व्हायच्या एका स्पर्धेसाठी शाळा एकच पायलट पाठवणार होती. प्रवेश शाळेचा, ग्लायडर शाळेचा. नाव त्याच संध्याकाळी कळवायचे होते. मोहित्यांच्या मनात आरंभापासून सिद्धार्थ होता. परंतु अ‍ॅपसाठी वेगळा फोन घेतल्यापासून त्याचे उड्डाण दिवसेंदिवस खालावत गेले. पुण्याच्या एका मुलाचे नाव त्यांनी तयार ठेवले होते.

"पोरगा चांगला आहे," मोहिते म्हणाले. "पण हवेत चांगलं असून भागत नाही. मी हेच अ‍ॅप माझ्या आयफोनवर वापरतो. मला कधी त्रास नाही. मग उरलं काय? माणूस."

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे.

पॅराग्लायडरला इंजिन नसते. तो सतत खाली येत असतो. वर जायचे तर हवेनेच त्याला उचलले पाहिजे. उन्हाने खडक व कोरडे रान तापते, त्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. त्या खांबाला थर्मल म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या आत राहून चकरा मारल्या तर माणूस ढगाच्या तळापर्यंत जाऊ शकतो. बाहेर पडला तर जमिनीवर येतो. खांब रुंद नसतो, म्हणून वळण्याची वेळ चुकवून चालत नाही.

ही वेळ सांगणाऱ्या यंत्राला व्हॅरिओ म्हणतात. वर जाऊ लागताच ते टिक्‌टिक्‌ वाजते. वेग वाढला की टिकटिक जलद होते. खाली जाऊ लागताच ते जाड स्वरात कण्हते. पायलटने डोळे आकाशाकडे आणि कान व्हॅरिओकडे ठेवायचे असतात. आमचे अ‍ॅप फोनलाच व्हॅरिओ बनवते. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. उंची वाढली की दाब कमी होतो. त्यावरून अ‍ॅप आवाज करते.

सिद्धार्थ जीपने वर आला. पाठीवर ग्लायडरचे मोठे गाठोडे, अंगावर वाळलेल्या गवताची कुसळे. तो जवळच्या भाजे गावचा. वय पंचविशीच्या पुढे. शाळेत तो ग्लायडरच्या घड्या घालण्याच्या कामावर लागला आणि उरलेल्या वेळात उडायला शिकला. आता तो टँडमसाठी, म्हणजे पर्यटकांना पुढ्यात बांधून उडवण्याइतका, तयार झाला आहे.

"आबा, तुमी कंपनीचं?" त्याने मला विचारले.

"हो."

"राग न्हाई ना? नावं ठेवायला न्हाई लिवलं मी. जे वाटलं ते लिवलं."

"जे वाटले ते नीट सांग."

"कसं हाये आबा, हवा उचलती ते आधी बुडाला कळतं. वाटतं, वळावं. पन यंत्र गप. मंग मी सरळ जातो. पुढं गेलो की ते वाजाया लागतं. तवर हवा मागं ऱ्हायलेली असती."

रेश्मा हसू दाबून दुसरीकडे पाहू लागली. मोहित्यांना हसू आले नाही.

"मी काय शिकवलंय?" त्यांनी विचारले.

"अंगाचं ऐकू नको, आवाजाचं ऐक."

"का?"

"अंग फसवतं."

"मग?"

"मग काय, सर. ऐकतोय की आवाजाचं. म्हून तर सारका खाली येतोय."

मोहित्यांचा नियम चुकीचा नव्हता. शरीराला बदल कळतो, स्थिती कळत नाही. लिफ्ट सुटताना आपल्याला कळते. ती एकसारखी चालू लागली की ती चालते आहे हेही कळत नाही. म्हणून या शाळेत पहिल्या दिवसापासून आवाज हाच गुरू मानतात. सिद्धार्थ पूर्वी यंत्राविना, घारींच्या मागे फिरून उंच जात असे. तेच पाहून मोहित्यांनी त्याला निवडले होते. स्पर्धेत मात्र यंत्र लागते. म्हणून त्याने दाबाचा सेन्सर असलेला जुना अँड्रॉइड फोन शोधून घेतला, त्यावर आमचे अ‍ॅप घातले, आणि गुरूने सांगितले तसे कान त्याच्या हवाली केले.

"हातात फोन आला आणि उडणं गेलं," मोहिते म्हणाले.

"सर, एक फेरी त्यांना तुमचा आयफोन द्या," रेश्मा म्हणाली. "लगेच कळेल."

"माझा? उद्याची सगळी बुकिंगं त्यात आहेत. पडला पवनेत, तर आलेल्या लोकांना काय धरण दाखवत बसू?"

मी रेश्माला सांगितले की त्या चाचणीचा उपयोग नाही. सिद्धार्थ आयफोन घेऊन वर गेला असता तर मोहिते म्हणाले असते, या वेळी हवा चांगली होती. खाली आला असता तर आम्ही म्हणालो असतो, हवा वाईट होती. दोन उड्डाणांना एकच हवा कधीच मिळत नाही. दोन फोनची तुलना करायची तर दोघांना एकाच क्षणी एकाच हवेत ठेवले पाहिजे.

"ती कुठे मिळणार?" रेश्माने विचारले.

जीप थांबतात तेथे सुमनमावशींची चहाची टपरी आहे. तेथे मला एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा दिसला. त्याच्या झाकणाला रबराची कड होती आणि चारही बाजूंना दाबून बसणाऱ्या कड्या होत्या. हवा आत-बाहेर होणार नाही अशी ती रचना होती.

"मावशी, हा डबा थोडा वेळ द्याल?"

"शेव हाये त्यात."

"शेव काढून."

"काढून कुटं ठिवू, डोस्क्यावर?" त्यांनी मला खालून वर पाहिले. "काय घालनार त्यात?"

"फोन."

मावशी मोहित्यांकडे वळल्या. "ह्यांला ऊन लागलंय का वो?"

"द्या मावशी," मोहिते म्हणाले. "साहेब तळेगावहून त्यासाठीच आलेत."

शेव परातीत गेली. मावशींनी डबा पदराने पुसून दिला आणि बजावले, "धुऊन पाहिजे माघारी."

मी मोहित्यांचा आयफोन आणि सिद्धार्थचा अँड्रॉइड फोन शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींवर आमचे अ‍ॅप चालू केले. तेच नाव, तेच निळे चित्र, तोच आवाज. झाकण लावले, चारही कड्या बसवल्या. मग झाकणाच्या मधोमध अंगठा हलकेच दाबला.

झाकण दबले की आतली हवा दाबली जाते. फोनला ती हवा जड वाटते. आपण खाली चाललो आहोत असे तो समजतो.

आयफोन तत्काळ कण्हला. माझा अंगठा टेकला आणि स्वर आला, यांत अंतर जाणवले नाही. अँड्रॉइड फोन गप्प होता. मी अंगठा तसाच ठेवला. सिद्धार्थ वाकून पाहत होता. मोहिते घड्याळाकडे पाहत होते. आयफोनचे कण्हणे संपत आले, तेव्हा दुसरा फोन कण्हू लागला.

अंगठा सोडला. आयफोन टिक्‌टिक्‌ करू लागला. दुसरा अजून कण्हतच होता. एकाच डब्यात, एकाच हवेत, एक फोन वर चालला होता आणि एक खाली.

"हेच!" सिद्धार्थ ओरडला. "आबा, हेच म्हनत हुतो मी!"

मी आणखी काही वेळा दाबून पाहिले. प्रत्येक वेळी तेच झाले. थर्मलमधील एका चकरेचा बराचसा भाग त्या उशिरात निघून जातो. पायलट वळतो तेव्हा उचलणारी हवा त्याच्या पाठीमागे राहिलेली असते.

मोहित्यांनी मान हलवली. "म्हणजे मी सांगितलं तेच. जुना फोन. सेन्सर मंद आहे. फोन बदल म्हणावं."

हा तर्क वाजवी होता. कंपनीतही सर्वांचे हेच मत होते. अँड्रॉइड फोन अनेक कारखाने बनवतात. कोणात कोणता सेन्सर बसवला असेल सांगता येत नाही. आयफोन एकच कंपनी बनवते, त्यामुळे आतले भाग ठाऊक असतात. दोन व्हर्जनमध्ये फरक पडला की दोष फोनवर टाकणे सोपे जाते. परंतु सोपे असणे हा पुरावा नव्हे.

मी रेश्माला सेन्सरचा मूळ आकडा दाखवण्यास सांगितले. म्हणजे अ‍ॅपने त्यावर काहीही करण्याच्या आधीचा. तिने जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि थोड्या वेळात सिद्धार्थच्या फोनवर तात्पुरते व्हर्जन चढवले. त्यात पडदाभर फक्त दाबाचा आकडा होता. फोन पुन्हा डब्यात गेला. मी झाकण दाबले. अंगठा टेकताच आकडा उडाला. सोडताच परत आला. आयफोनइतकाच तत्पर.

सेन्सर मंद नव्हता.

डबा उघडून मी तो फोन तळहातावर घेतला. जमिनीपाशी नेला. आकड्याचा शेवटचा भाग थोडा चळवळत होता, पण एका जागी होता. मग फोन छातीपर्यंत उचलला. आकडा उतरला. खाली नेला, आकडा चढला. गुडघ्यापाशी थांबलो, तो मध्ये थांबला.

मी तेच पुन्हा एकदा करून पाहिले.

कारखान्यात मी विमानांचे उंचीमापक तपासत असे. त्यात पातळ पत्र्याची एक पोकळ डबी असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती किंचित फुगते. ते फुगणे दांडे, दंतचक्रे आणि केसासारखी स्प्रिंग यांच्या साहाय्याने काट्यापर्यंत पोहोचवायचे. वाचन घेण्यापूर्वी काचेवर नखाने टिचकी मारायची, कारण घर्षणाने काटा अडलेला असे. उत्तम कारागीर एका यंत्रावर अनेक दिवस घालवीत. एखाद्या यंत्राने एका माणसाच्या उंचीचा फरक दाखवलाच, तर आम्ही ते बाजूला ठेवून इतर विभागांतील लोकांना बोलावून दाखवत असू.

हा सेन्सर तिळाएवढा असतो. तो एका जुन्या, कोपरा फुटलेल्या फोनमध्ये होता. ज्याच्या खिशात तो होता त्याला तो कधी दिसला नव्हता. आणि तो माझ्या गुडघ्यावरची हवा व छातीवरची हवा यांच्या वजनातील फरक मला सांगत होता.

मोहित्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो खाली नेला, वर आणला. पुन्हा खाली नेला. मग ते उकिडवे बसले आणि उठले.

"हे काय, मी उठलो-बसलो ते सांगतंय?"

"हो."

"ह्या फोनमध्ये?"

"सर, त्याला नावं ठिवू नका," सिद्धार्थ म्हणाला. "तुमचा गुडघा दुखतोय ते बी सांगंल."

या वेळी मोहिते हसले. परंतु फोन त्यांनी लगेच परत केला नाही. टपरीच्या बाकावर चढून त्यांनी तो आणखी एकदा वर धरला.

सेन्सर निर्दोष असेल, तर उशीर आमच्या अ‍ॅपमध्ये होता. रेश्मा बॉनेटपाशी उभी राहून कोड वाचू लागली. थोड्या वेळाने तिने मला बोलावले.

"सर, फिल्टर."

सेन्सरचा आकडा सतत थोडा थरथरतो. तसाच वापरला तर व्हॅरिओ अकारण वाजत राहतो. म्हणून अ‍ॅप मागच्या काही आकड्यांची सरासरी घेते. यालाच फिल्टर म्हणतात. जितके जुने आकडे मिसळाल तितका आवाज शांत होतो. आणि तितकाच शिळा होतो. आयफोनच्या व्हर्जनमध्ये मोजकेच जुने आकडे मिसळले जात होते. अँड्रॉइडच्या व्हर्जनमध्ये त्याच्या अनेक पट.

"एवढे कशासाठी?" मी विचारले.

"मी येण्याआधीचं आहे हे, सर. पण कारण ऐकलंय. कुठल्या तरी शाळेने मागितलं होतं. टेकऑफवर उभं असताना फोन उगाच वाजतो, तो गप्प करा म्हणून."

टेकडीच्या कडेवर वारा झोताझोताने येतो. प्रत्येक झोताबरोबर दाब किंचित बदलतो. जमिनीवर उभ्या माणसाचा व्हॅरिओही त्यामुळे वाजतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला जे लागते ते तो सांगतो.

"कोणत्या शाळेने?" मी विचारले.

"ते माहीत नाही, सर."

मोहिते बाकावरून उतरले. खाली पसरलेल्या ग्लायडरकडे पाहत म्हणाले, "माझ्याच."

रेश्माने लॅपटॉपवरून मान वर केली. मावशींच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

"मुंबईची मंडळी रांगेत उभी असतात," मोहिते सांगू लागले. "आधीच पाय लटपटत असतात. त्यात पायलटचा फोन वाजायला लागला की विचारतात, हा अलार्म कसला? काही बिघडलंय का? एक बाई तर हार्नेसचे पट्टे सोडून जीपमध्ये जाऊन बसल्या. माझ्या सगळ्या टँडम पायलटांकडे अँड्रॉइड. मीच फोन केला कंपनीला. म्हटलं, हे गप्प करा. पंधरा दिवसांत गप्प झालं. मी पाच स्टार दिले."

पुढचे मला विचारावे लागले नाही. तक्रार अँड्रॉइडवरून आली, म्हणून दुरुस्ती अँड्रॉइडमध्येच झाली. आयफोनचे व्हर्जन दुसऱ्या शहरातील दुसरी टीम लिहिते. तिच्याकडे तक्रार गेली नाही. मोहिते स्वतः आपला फोन उडी घेताना चालू करतात, त्यामुळे तो जमिनीवर वाजतच नाही. दुरुस्तीची चाचणी जमिनीवर उभे राहून केली गेली. फोन वाजला नाही. चाचणी उत्तीर्ण.

टँडम पायलटांनाही फरक जाणवला नाही. पर्यटकाला घेऊन ते डोंगराच्या कडेने वर येणाऱ्या वाऱ्यावर चार फेऱ्या मारतात आणि उतरतात. त्याला तत्पर आवाजाची गरज नसते. ती थर्मलमध्ये लागते. या फोनवर थर्मलमध्ये जाणारा माणूस शाळेत एकच होता.

"म्हंजी सर, तुमीच माझ्या..." सिद्धार्थने वाक्य सुरू केले आणि सोडले.

"बोल."

"काय न्हाई. च्या सांगू का सगळ्यांला?"

"बोल रे."

"सर, तुमी म्हनला अंग फसवतं. अंग खरं बोलत हुतं माजं." तो थांबला. "यवडंच."

मोहिते रेश्माकडे वळले. त्यांनी तिला विचारले, "आत्ता दुरुस्त होईल?"

"फिल्टर कमी करता येईल. पण मग टेकऑफवर पुन्हा वाजेल. ते नीट थांबवायला वेगळं काम करावं लागेल. त्याला वेळ हवा."

"वाजू दे."

तिने तो एक आकडा बदलला आणि नवे व्हर्जन सिद्धार्थच्या फोनवर चढवले. दोन्ही फोन पुन्हा डब्यात गेले. मी झाकण दाबले. दोघे एकदम कण्हले. सोडले. दोघे एकदम टिकटिकले. फोन दोन होते, आवाज एक ऐकू येत होता.

"आता दोगं संगं वरडले," मावशी म्हणाल्या. "झालं का? शेव मऊ पडली माजी."

दुपार कलायला अजून अवकाश होता. समोरच्या जळक्या माळावर हवा थरथरताना दिसत होती. सिद्धार्थने हार्नेस चढवला. फोन छातीसमोर बसवला. वाऱ्याच्या झोतांनी तो वाजू लागला. रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारले, "अलार्म आहे का हो?"

"न्हाई काका," सिद्धार्थ म्हणाला. "माजा मास्तर हाये."

ग्लायडर डोक्यावर उभा राहिला. तो कड्याकडे धावला आणि पाय जमिनीवरून सुटले.

प्रथम तो थोडा खाली गेला. मग माळावर पोहोचला आणि एकाएकी वळला. तीन वेळा मी त्याला तेथेच पाहिले होते. तीनही वेळा तो सरळ पुढे निघून गेला होता. या वेळी वळणाच्या आत आणखी वळला. पहिली चक्कर पुरी झाली तेव्हा तो आमच्या नजरेच्या रेषेत होता. पुढच्या चकरेत त्याच्या बुटांचे तळवे दिसू लागले.

दोन घारी कोठूनशा आल्या आणि त्याच हवेत शिरल्या. त्यांनी पंख हलवले नाहीत. एक त्याच्या वर, एक त्याच्या खाली. तिघे एकाच बाजूला फिरत वर चढू लागले. घारीच्या ठिकाणी हे ज्ञान कोठे असते, मला ठाऊक नाही. सिद्धार्थच्या ठिकाणी ते तिळाएवढ्या तुकड्यात होते, आणि तो तुकडा प्रत्येक क्षणाला हवेचे वजन करून त्याच्या कानात सांगत होता.

मोहित्यांच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. त्यात आधी वाऱ्याचा आवाज आला, मग टिकटिक. जलद, एकसारखी, धाप लागल्यासारखी.

"सर, ऐकू येतंय का?" सिद्धार्थ म्हणाला. "हाताबरूबर येतंय आता. हात वढला की वाजतंय. लय भारी सर. पवना सगळी दिसती हितनं. तुंग दिसतो, तिकोना दिसतो. आमचं भाजं दिसतंय का बगतो."

मोहित्यांनी बटण दाबले. त्यांना काही तरी सूचना द्यायची होती. मग ते फक्त म्हणाले, "बघ. सावकाश बघ."

मी मान वर करून उभा होतो. ग्लायडर बोटाच्या नखाएवढा झाला, मग त्याहून लहान. घारी दिसेनाशा झाल्या. माझे सारे आयुष्य उंची मोजणाऱ्या यंत्रांत गेले. आम्ही ती खोलीत, पंपाला जोडून तपासत असू. पंप हवा काढी, काटा चढे, यंत्र टेबलावरून हलत नसे. मोजलेल्या उंचीवर प्रत्यक्ष कोणी तरी चढते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. मान दुखू लागली तरी खाली घेववली नाही.

रेश्मा माझ्याशेजारी उभी होती. "सर, मी फक्त एक आकडा बदलला," ती हळूच म्हणाली.

मी तिला सांगितले की हो, एकच. आणि त्या रात्री घरी जाण्यापूर्वी तो बदल इतर फोनवरही तपासावा लागेल.

संध्याकाळी मोहित्यांनी सिद्धार्थचे नाव कळवले. आमच्यासमोरच कळवले. पलीकडून बहुधा खात्री विचारली गेली असावी, कारण ते जरा तुटकपणे म्हणाले, "हो, ओव्हाळ. पुण्याचा नाही. भाज्याचा."

सिद्धार्थ स्पर्धेला गेला. पहिल्या दिवशी लवकर उतरला. नंतरचे टप्पे त्याने पुरे केले. यादीत त्याचे नाव मधोमध आले. पहिल्याच खेपेला ते चांगले मानले जाते. परत आल्यावर तो कंपनीत आला, रेश्माला सफरचंदांची पेटी दिली आणि मला विचारले, "आबा, उडायचं का एकदा?" मी नकार दिला. माझे काम जमिनीवरचे आहे.

टेकऑफवरचा आवाज थांबवण्याची व्यवस्था रेश्माने पुढे केली. फोन उडण्याचा वेग ओळखतो आणि तो येईपर्यंत गप्प राहतो. गप्प राहण्यासाठी त्याला आता शिळे व्हावे लागत नाही. ती सुधारणा दोन्ही व्हर्जनमध्ये एकाच दिवशी गेली. आयफोनच्या टीमने विचारले की आमच्याकडे कोणाची तक्रार नाही, मग आम्ही का बदल करायचा? त्यांना मी हा वृत्तान्त लिहून पाठवला.

दोन फोनवर एकच नाव आणि एकच चित्र दिसले म्हणजे आत एकच अ‍ॅप आहे, असे धरू नये. ती दोन यंत्रे असतात. दोन निराळ्या माणसांनी, निराळ्या ग्राहकांचे ऐकून बनवलेली. एकाची केलेली सोय दुसऱ्याला कळत नाही, आणि कालांतराने ती सोय होती हेही कोणाला आठवत नाही. म्हणून आता तक्रार कोणत्याही फोनवरून येवो, दोन्ही व्हर्जन एकत्र तपासल्याशिवाय मी रिलीजवर सही करत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, असे कंपनीतील तरुणांचे म्हणणे आहे. म्हणणे बरोबर आहे. काम बदललेले नाही.